मुंबईहून पहिल्यांदा विमानाने जाताय? तिकिटाचे पैसे नेमके कशाला जातात ते आधी पाहा

मुंबईहून नागपूरला विदर्भ एक्सप्रेसने निघालात तर थ्री-टायर एसीचं भाडं अंतरावर आणि डब्यावर ठरतं. तात्काळचे थोडे जास्त, राजधानी-दुरांतोसारख्या गाड्यांत २०१६ पासून जागा भरत जातील तसं भाडं चढतं, पण एकूण हिशेब कुणालाही समजेल असा आहे. विमानाचं तसं नाही. त्याच नागपूरला, त्याच विमानात, शेजारी बसलेल्या दोघांनी दिलेल्या भाड्यात दुपटीतिपटीचा फरक असू शकतो आणि दोघांचंही तिकीट बरोबरच असतं. पहिल्यांदा विमानाने जाणारा माणूस इथेच गोंधळतो. काही जण घाबरून पहिलं दिसेल ते तिकीट काढतात. काही जण सर्वांत स्वस्त तिकिटाच्या मागे लागतात आणि शेवटी जास्त खर्च करून बसतात.

विमान कंपनी खुर्चीचा दर लावत नाही, ती तुमच्या निकडीचा दर लावते. त्यामुळे आपली निकड किती आणि त्यासाठी आपण किती पैसे द्यायला तयार आहोत, हे ॲप उघडण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

भाडं ठरतं कसं

एअरबस ए-३२० जातीच्या विमानात साधारण १८० ते १८६ प्रवासी बसतात. सगळ्या खुर्च्या जवळपास सारख्या. पण कंपनीच्या संगणकात त्या वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर असतं. स्वस्त गटातल्या खुर्च्या आधी विकल्या जातात. त्या संपल्या की पुढचा गट, मग त्याच्या पुढचा. शेवटच्या काही खुर्च्या मुद्दाम महाग ठेवतात, कारण आदल्या रात्री तिकीट काढणारा माणूस एक तर कामानिमित्त जाणारा असतो, नाहीतर घरी काहीतरी घडलेलं असतं. तो किंमत बघत बसणार नाही, हे कंपनीला माहीत असतं.

ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने, रॉबर्ट क्रँडल यांच्या कारकिर्दीत, नीट बसवली. सुट्टीसाठी फिरणाऱ्याला वेळ असतो, पण तो पैशाला जपतो. कामासाठी फिरणाऱ्याचं उलट. दोघांकडून वेगवेगळे पैसे घ्यायचे तर आधी दोघांना वेगळं ओळखता आलं पाहिजे, आणि किती दिवस आधी तिकीट काढलं ही त्याची सर्वांत सोपी खूण.

आपल्याकडे १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना दार पूर्ण उघडलं. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवास सुरू केला, त्यानंतर स्पाइसजेट आणि इंडिगो आल्या. आज भाडं सरकार ठरवत नाही, कंपन्याच ठरवतात. सरकार मध्ये पडतं ते अपवादानेच. कोविडच्या काळात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्याला खालची-वरची मर्यादा होती. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि बाकीच्यांची भाडी भडकली, तेव्हा सरकारने ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० अशी कमाल मर्यादा घातली होती, तीही कर आणि विमानतळाचे आकार सोडून. एरवी तुमच्या बाजूने भाड्यावर वचक ठेवते ती स्पर्धा.

म्हणून अंतर बघून भाड्याचा अंदाज बांधू नका. मुंबई-दिल्ली हा जगातल्या सर्वांत वर्दळीच्या हवाईमार्गांपैकी एक आहे. दिवसभर विमानं, चार-पाच कंपन्या, त्यामुळे दोन तासांचा हा प्रवास आधी काढला तर बराच स्वस्त मिळतो. कोल्हापूरसारख्या जवळच्या पण मोजकीच विमानं असलेल्या ठिकाणी भाडं किलोमीटरमागे कितीतरी जास्त पडतं.

त्यात मुंबईची स्वतःची अडचण आहे. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला ४६च्या आसपास उड्डाणं-उतरणं, त्यापुढे जागाच नाही. नवीन कंपनीला सोयीची वेळ मिळणं कठीण, आणि जिची सकाळची वेळ आहे ती ती सोडत नाही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे. तो जसजसा भरेल तसा हा ताण कमी व्हावा, अशी मला मनापासून आशा आहे.

पायरी पहिली: आपला आकडा कागदावर लिहा

आकडा लिहायचा तो तिकिटाचा नाही, घरातून निघून मुक्कामाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा.

समजा तुम्ही डोंबिवलीला राहता. पहाटे साडेपाचचं विमान ३,८०० रुपयांना आहे आणि सकाळी अकराचं ४,६०० ला. ॲपवर पहिलं आठशे रुपयांनी स्वस्त दिसतं. पण साडेपाचच्या विमानासाठी तुम्हाला साडेतीनच्या सुमारास विमानतळावर असायला हवं. तेव्हा लोकल नाही, मेट्रो नाही. टॅक्सीच करावी लागणार, आणि त्या वेळी डोंबिवली ते सहार टॅक्सीचे हजाराच्या वर सहज जातात. अकराच्या विमानाला लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याहून मेट्रो तीनने एकच स्टेशन, की विमानतळाचं टर्मिनल २ आलं. शंभर-सव्वाशे रुपयांच्या आत काम होतं आणि झोपही होते. म्हणजे ‘महाग’ तिकीट स्वस्त पडलं. चौघं एकत्र जाणार असाल तर हा हिशेब उलटा होऊ शकतो, कारण टॅक्सी चौघांत एकच लागते आणि तिकिटातला फरक मात्र चार वेळा मोजायचा. म्हणून प्रत्येक वेळी कागदावर मांडाच.

मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ दोन्हींना तिची स्वतंत्र स्टेशनं आहेत. गिरगाव, वरळी, दादरकरांना सामान आटोपशीर असेल तर यापेक्षा भरवशाचा रस्ता नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

आता सर्वांत महत्त्वाचं. ‘मुंबई’ असं टाकून शोधलं की दोन विमानतळांची विमानं एकत्र दिसू शकतात. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. खारघर-पनवेलच्या माणसाला एनएमआय वरदान आहे. बोरिवलीच्या माणसाने पाचशे रुपये वाचवायला ते घेतलं तर टॅक्सीत त्याहून जास्त जातील. बीओएममध्येही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, पायी जाण्यासारखं अंतर नाही. तिकिटावर टर्मिनल वाचा आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी परत वाचा, कारण कंपन्या ते बदलतात.

पायरी दुसरी: भाड्याची फोड उघडून पाहा

प्रत्येक ॲपवर एकूण रकमेशेजारी तपशील उघडण्याची सोय असते. तिथे मूळ भाडं असतं, काही ठिकाणी इंधनाचा आकार, देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये विमान सुरक्षा शुल्क, विमानतळाचं प्रवासी विकास शुल्क आणि जीएसटी. इकॉनॉमीला जीएसटी ५ टक्के. बिझनेस क्लासला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला. ही फोड नीट बघून ठेवा, तिकीट रद्द करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

मग पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावर ‘कन्व्हिनियन्स फी’, म्हणजे ऑनलाइन तिकीट काढण्याचा आकार, येते, बहुधा माणशी, आणि तिकीट रद्द केलं तरी ती परत मिळत नाही. त्यामुळे दोन ॲपची तुलना या शेवटच्या पडद्यावरच्या रकमेची करा. मी नेहमी सांगतो की तुलना कुठल्याही ॲपवर करा, पण तिकीट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढा. पुढे काही बिनसलं तर ॲपवाला कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी ॲपवाल्याकडे. वडीलधाऱ्यांचं तिकीट असेल तर हे कटाक्षाने पाळा.

सामानाचं बघा. देशातल्या साध्या इकॉनॉमी तिकिटात साधारण १५ किलो विमानाच्या पोटात टाकायचं सामान आणि ७ किलो हातातलं असतं. पण काही कंपन्या आता फक्त हातातल्या सामानाचं स्वस्त तिकीट विकतात. एअर इंडिया एक्सप्रेसचं ‘एक्सप्रेस लाइट’ तसंच आहे. दोन दिवसांसाठी पाठीवरची बॅग घेऊन जाणाऱ्याला ते उत्तम. लग्नाला जाणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. वजन जास्त होणार हे माहीत असेल तर आधीच ऑनलाइन विकत घ्या, काउंटरवर तेच किलो बरेच महाग पडतात. घरी वजनकाटा नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे किंवा रद्दीवाल्याकडे बॅग तोलून घ्या.

आसन निवडण्याचा पडदा असा बनवलेला असतो की पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटतं. तसं नाही. ‘स्किप’ किंवा ‘पुढे’ असं बारीक अक्षरात कुठेतरी असतंच. आसन न निवडल्यामुळे कुणी उभं राहून जात नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी किंवा बरोबरच्या पालकापैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी, असा डीजीसीएचा, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०२४चा आदेश आहे. आणि वेब चेक-इन (घरूनच ऑनलाइन हजेरी लावणं) न करता काउंटरवर बोर्डिंग पास मागितला तर त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असं केंद्र सरकारने २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

पायरी तिसरी: जास्तीचे पैसे कुठे घालायचे

याबाबतीत लोक बोलतात एक आणि करतात दुसरं. विमानात जेवण चांगलं हवं, पाय पसरायला जागा हवी, कर्मचारी हसतमुख हवेत, असं सगळेच म्हणतात. तिकीट काढताना मात्र ‘सर्वांत कमी भाडं आधी’ या बटणावरच बोट जातं. कंपन्यांना हे पक्कं कळलं आहे. जेवणखाण, मोठी जागा देणाऱ्या किंगफिशरचं उड्डाण २०१२ मध्ये थांबलं, जेट एअरवेजचं एप्रिल २०१९ मध्ये, आणि विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. प्रत्येकाची कारणं वेगळी, कर्ज आणि व्यवस्थापन त्यात मोठं. तरी प्रवासी त्या सेवेसाठी पुरेसे जास्त पैसे मोजत नव्हते, हेही त्यात होतंच. इंधनाचा खर्च इथे कंपनीच्या एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून वर असतो आणि विमानाचं इंधन अजून जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्याराज्यांचा व्हॅट लागतो. अशा वेळी कंपनी कात्री लावते ती तुम्ही ज्याचे पैसे देत नाही त्या गोष्टींना. केवळ स्वस्त सेवेवर वाढलेल्या इंडिगोने २०२४च्या नोव्हेंबरात बिझनेस क्लास सुरू केला तो दिल्ली-मुंबई मार्गावरच, कारण जास्त मोजणारा माणूस तिथे बसतो.

तर आपण कशाला मोजायचं? माझं मत स्पष्ट आहे. दोन तासांच्या प्रवासात जेवणाला आणि खिडकीला पैसे घालू नका. वेळेला घाला.

थेट विमान आणि मध्ये थांबा असलेलं विमान यांच्यात हजार-दीड हजाराचा फरक असेल तर थेटच घ्या. दिवसातलं पहिलं किंवा दुसरं विमान घेता आलं तर घ्या, कारण एकच विमान दिवसभर चार-सहा फेऱ्या करतं आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. मुंबईत पावसाळ्यात हे फार जाणवतं. त्याच दिवशी लग्नाला, मुलाखतीला, परीक्षेला पोहोचायचं असेल तर संध्याकाळच्या शेवटच्या विमानावर विसंबू नका. ते रद्द झालं तर मागे दुसरं नसतं. त्या मार्गावर कंपनीची दिवसाला किती विमानं आहेत हेही बघा. एक गेलं तर दुसऱ्यात बसवायला जागा हवी.

गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी मार्गिकेकडचं आसन विकत घ्या, ते पैसे वाया जात नाहीत. तारीख नक्की नसेल तर बदल करता येणारं तिकीट घ्या. फरक हजारभराचा असेल आणि बेत हलण्याची शक्यता निम्मी असेल, तर हे सर्वांत शहाणपणाचे पैसे.

कंपनी वेळ पाळते का, हे जाहिरातीवरून ठरवू नका. डीजीसीए दर महिन्याला अहवाल काढतं. त्यात मोठ्या विमानतळांवर कुठल्या कंपनीची किती टक्के विमानं वेळेवर होती, किती रद्द झाली, दर १०,००० प्रवाशांमागे किती तक्रारी आल्या, हे सगळं असतं. तो अहवाल फुकट वाचता येतो. मागचे दोन-तीन महिने चाळले तरी चित्र समजतं.

पायरी चौथी: कधी काढायचं

एरवीच्या दिवसांत देशांतर्गत प्रवासाला महिना-सव्वा महिना आधी काढलं की भाडं बहुधा ठीक मिळतं. दिवाळी, मे महिना, नाताळ आणि गणपती यांना हा नियम लागू नाही. तेव्हा जेवढं लवकर तेवढं बरं, कारण त्या तारखांना स्वस्त गटांतल्या खुर्च्या मुळातच कमी ठेवलेल्या असतात. आठवड्याच्या मधल्या वारी, मंगळवारी-बुधवारी, भाडं बऱ्याचदा उतरतं. हे प्रवासाच्या वाराबद्दल आहे, तिकीट काढण्याच्या वाराबद्दल नाही. अमुक वारी मध्यरात्री तिकीट काढलं की स्वस्त मिळतं, यावर वेळ घालवू नका.

एक युक्ती मात्र खरी आहे. चार जणांचं तिकीट एकत्र शोधलं आणि स्वस्त गटात दोनच खुर्च्या उरल्या असतील, तर संगणक चौघांनाही वरच्या गटाचं भाडं लावतो. म्हणून आधी एकाचं, मग दोघांचं, मग सगळ्यांचं शोधून बघा. भाडं वेगळं दिसलं तर दोन-दोन असं काढा. मात्र लहान मूल आणि पालक एकाच बुकिंगवर ठेवा. बुकिंग वेगळी असली आणि विमान रद्द झालं, तर कंपनी दोन्ही जोड्यांना वेगवेगळ्या विमानांत टाकू शकते.

गणपतीला तळकोकणात जाणाऱ्यांसाठी: सावंतवाडी-कुडाळकडच्या लोकांनी गोव्याच्या मोपा विमानतळाचं भाडं बघून ठेवावं. तो महाराष्ट्राच्या हद्दीला लागूनच आहे. रेल्वेचं आरक्षण काही मिनिटांत संपतं तेव्हा हा पर्याय खुला असतो. फक्त मोपाहून गावापर्यंतच्या गाडीचे पैसे हिशेबात धरा आणि तिकीट ‘गोवा’ असं काढताना विमानतळ मोपाचाच आहे ना, दाबोळीचा तर नाही, हे पाहा.

पैसे शक्य तर क्रेडिट कार्डाने भरा. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा आगाऊ तिकिटं काढलेल्यांचे पैसे अडकले होते. कार्डाने भरलेले असतील तर बँकेकडे दाद मागण्याचा एक मार्ग तरी उरतो.

पायरी पाचवी: प्रवासाचा दिवस

नाव आधार कार्डावर आहे तसंच तिकिटावर हवं. चुकलं असेल तर कंपनीच्या साइटवर काढलेल्या तिकिटात पहिल्या २४ तासांत किरकोळ दुरुस्ती फुकट होते. देशांतर्गत विमानासाठी सामानाचा काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी. त्यामुळे दोन तास आधी पोहोचा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. लोणच्याची बरणी हातातल्या सामानात चालत नाही, ती घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका.

पायरी सहावी: बिनसलं तर काय मागायचं

हा भाग बहुतेकांना कुणी सांगत नाही, आणि कंपनी स्वतःहून क्वचितच सांगते.

कंपनीच्या साइटवर तिकीट काढल्यापासून ४८ तासांत, आणि देशांतर्गत प्रवासाला सात दिवस बाकी असतील तर, तिकीट दंडाशिवाय रद्द करता येतं. त्यानंतर रद्द केलं तर कंपनी पैसे कापते, पण मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्यापेक्षा जास्त कापू शकत नाही. कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेच लागतात, तिकिटावर ‘नॉन-रिफंडेबल’ असं लिहिलेलं असलं तरी. विमान चुकलं तर लोक हात झटकून मोकळे होतात. तेव्हाही हे पैसे मागा.

विमानाला उशीर झाला तर छोट्या प्रवासात दोन तासांच्या उशिरापासून खाणंपिणं कंपनीने द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर परतावा किंवा पर्यायी विमान आणि त्याशिवाय भरपाई मिळते: एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी ते. पावसासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही, परतावा मात्र मिळतो. जास्त तिकिटं विकल्यामुळे तुम्हाला उतरवलं आणि एका तासानंतर पण २४ तासांत दुसऱ्या विमानात बसवलं, तर एकेरी मूळ भाड्याच्या दुप्पट अधिक इंधन आकार, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा बसवलं तर चौपट, कमाल २०,०००.

काउंटरवर हे तोंडी बोलून भागत नाही. विमान रद्द झाल्याचा संदेश, त्यावरची वेळ, फलकाचा फोटो आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक घेऊन सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार टाका. तिथेही समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत खात्यावर यायला हवेत, तेव्हा आठव्या दिवशी स्टेटमेंट तपासा.